एका गाईचे सभासद

आमच्या दूध संस्थेत त्या उन्हाळ्यात सगळं होतं. संगणक होता, वजनकाटा होता, फॅट मोजायचं यंत्र होतं, चेअरमन होते, व्हाइस चेअरमन होते, सचिव होते आणि गरजेपेक्षा जास्त संचालक होते. फक्त दूध नव्हतं. नेकनूरच्या पुढे आमच्या गावापर्यंत एकही विहीर धड राहिली नव्हती. लोकांनी जनावरं छावणीत नेऊन बांधली, नाहीतर बाजाराची वाट दाखवली. मी त्या संस्थेची संगणक ऑपरेटर. सकाळी दूध मोजायचं आणि ज्याचं त्याच्या नावावर चढवायचं, हे माझं काम. मोजायला दूध नसलं तरी ऑपरेटरने खुर्ची सोडायची नसते, म्हणून मी बसून होते आणि बसल्या बसल्या हास्केल शिकत होते.

हास्केल ही संगणकाला काम सांगायची एक भाषा आहे. माझा भाऊ भारत पुण्याला नोकरी करतो, त्याने मला एका संकेतस्थळाचा पत्ता पाठवला. तिथे छोटी छोटी गणितं देतात. एक सुटलं की पुढचं उघडतं. उत्तर बरोबर असेल तर हिरवी खूण येते, चुकलं तर लाल, आणि लाल खुणेखाली आपण कुठे माती खाल्ली ते सविस्तर लिहून येतं.

"ही भाषा जरा येगळी हाय ताई," भारत फोनवर म्हणाला होता. "एकदा नाव दिलेली गोष्ट हिच्यात बदलता येत न्हाई. आन फंक्शनला, मंजे हिशेब करणाऱ्या तुकड्याला, आपण जेवढं हातात देऊ तेवढंच दिसतं, आजूबाजूला बघायची त्याला सवयच न्हाई. तेच दिलं की तेच उत्तर, कितीबी बार इचार."

इतकी वर्षं सहकारात काढल्यावर, कोण कोणाचा पाहुणा हे न विचारता उत्तर देणारी एखादी वस्तू जगात आहे, हे ऐकूनच मला बरं वाटलं. शिवाय आमच्या घरात शिकायला कोणी कोणाला नाही म्हणत नाही. आजोबांनी छप्पनच्या दीक्षेनंतर पोरांना एकच गोष्ट बजावली, की शिका. काय शिका ते सांगायचं राहून गेलं. त्यामुळे आमच्याकडे कोणी कायदा शिकलं, कोणी फार्मसी, आणि मी चाळिशीला टेकता टेकता हास्केल शिकायला बसले.

ऑफिसात पंखा होता आणि पंख्याला इन्व्हर्टर होता, म्हणून अख्खं संचालक मंडळ दुपारभर तिथेच मुक्कामाला असायचं. चेअरमन आबासाहेब अंगाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे, आणि पहिल्या मानाच्या बाबतीत फार हळवे. लग्नात पहिला फेटा त्यांना, सभेत पहिला हार त्यांना. चहाचा पहिला कप चुकून दुसऱ्याच्या हातात गेला तर ते तो चहा घेतच नसत. एका दुपारी ते माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"काय करायलीस गं?"

"शिकायलेय, आबासाहेब."

"संस्थेच्या संगणकावर?"

"व्हय."

"मंग हे संस्थेचंच शिक्षण झालं की," ते म्हणाले आणि त्यांनी सचिव मोहनरावांना वार्षिक अहवालात 'संस्थेमार्फत संगणक प्रशिक्षण' असं घालून ठेवायला सांगितलं. त्या दिवसापासून माझी गणितं मंडळापुढे येऊ लागली.

पहिलंच गणित साधं होतं. आकड्यांची रांग द्यायची, आणि त्यातले किती आकडे आपल्या आधीच्या आकड्यापेक्षा मोठे आहेत ते सांगायचं. नमुन्याची रांग होती पाच, आठ, तीन, नऊ. मी म्हटलं, दोन. आठ हा पाचापेक्षा मोठा, आणि नऊ हा तिनापेक्षा. व्हाइस चेअरमन सर्जेराव माझ्या बाजूने मान हलवणार एवढ्यात आबासाहेबांनी बोट वर केलं.

"तीन," ते म्हणाले. "पाच कावून सोडला? तो पहिला हाय. त्याच्या आधी कोनी न्हाई, मंजे तो मोठाच."

माझ्याकडे निघालेली सर्जेरावांची मान वाटेतच आबासाहेबांकडे वळून हलली. मोहनराव सूचक, सर्जेराव अनुमोदक, उत्तर तीन, ठराव सर्वानुमते मंजूर. मी तीन टाकून पाहिलं. लाल.

"त्याला सांग, ठराव सर्वानुमते झालाय."

"त्याला ठराव कळत न्हाई, आबासाहेब."

"मंग त्याला कळतं तरी काय?"

मोहनरावांनी संकेतस्थळाला निषेधाचं पत्र पाठवायची सूचना मांडली, पण पत्ता कोणालाच माहीत नसल्याने ती बारगळली. मंडळ जेवायला गेल्यावर मी दोन टाकलं आणि हिरवी खूण घेतली. संस्थेच्या प्रोसिडिंगात मात्र पाच हा अजून मोठाच आहे.

आता दुधाचं सांगते, कारण दूध अजिबात नव्हतं असं म्हणणं केशरबाईच्या गाईवर अन्याय होईल. गावात तेवढी एक गाय दूध देत होती. केशरबाईचा नवरा गहिनीनाथ पुण्याकडे बांधकामावर गेलेला, आणि गाय तिच्या भावाने धर्मापुरीहून आणून दिलेली. केशरबाई संस्थेची सभासद नव्हती. पण तिच्या गाईवर सगळी संस्था उभी होती.

त्याचं असं झालं. वर्षात ठरलेले दिवस दूध घातलं तरच सभासद क्रियाशील धरतात, आणि क्रियाशील असेल त्यालाच मत असतं. निवडणूक तोंडावर आली होती. जनावरं गेली तशी सगळ्यांची सभासदकी जायला हवी होती, पण संचालक मंडळ इतक्या सहजासहजी जात नाही. म्हणून एक पद्धत पडली. ती कोणी पाडली ते प्रोसिडिंगात नाही. सकाळी केशरबाई चरवी घेऊन यायची. पहिला मान आबासाहेबांचा. ते चरवी घेऊन काट्यावरच्या भांड्यात दूध ओतायचे, मी त्यांचा नंबर टाकायची, वजन व्हायचं, फॅट निघायचं, पावती यायची. मग तेच दूध परत चरवीत. मग सर्जेरावांचा मान, ओता, मोजा, पावती, परत चरवीत. मग मोहनराव, मग संचालक, मग साधे सभासद. दर फेरीला थोडं दूध भांड्याला लागून राहायचं, त्यामुळे शेवटच्या माणसाचं पहिल्यापेक्षा कमी भरायचं आणि शेवटचे लोक रोज त्याबद्दल कुरकुर करायचे. फॅट आणि डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, मात्र सगळ्यांची दशांशापर्यंत सारखी. एवढी एकजूट सहकारात मी पुन्हा पाहिली नाही.

दूध संघाची गाडी कधीच बंद झाली होती. कागदावर सगळं दूध 'स्थानिक विक्री' म्हणून जायचं, आणि ते तसं खोटंही नव्हतं. रांग संपली की केशरबाई चरवी उचलून नेकनूरच्या स्टँडवरच्या हॉटेलात दूध घालायला जायची.

ती रोज का यायची? आबासाहेबांनी तिला शब्द दिला होता, की तुला सभासद करून घेऊ. सभासद झाली की संस्थेमार्फत येणाऱ्या चाऱ्यात तिचं नाव लागणार होतं. तिला बाकी काही नको होतं. गाय सुकत चालली होती. कडबा मिळत नव्हता, आणि लिंबाचा पाला तोडून तोडून ती गाय किती दिवस जगवणार? दूध कमी व्हायला लागलं होतं, ते माझ्या काट्यालाच आधी कळत होतं.

"मुक्ताबाई, कवा करत्याल ओ मला सभासद?" ती पायरीवर बसून विचारायची.

आत आबासाहेब ऐकत असायचे. "निवडणूक होऊ दे गं. आता नवीन सभासद बंद हायेत."

म्हणजे ज्या गाईच्या दुधावर सगळ्यांना चारा मिळणार होता, ती गाय सोडून. मला याचा मनस्वी संताप यायचा, आणि संताप आला की मी एखादं गणित सोडवायची. त्या उन्हाळ्यात माझी बरीच गणितं सुटली.

मग एक दिवस बीडहून चारावाटपाचे साहेब आले. चष्मा, पांढरा शर्ट, घाईत. त्यांनी सांगितलं, की संस्थेला एक ट्रक चारा मंजूर झाला आहे, मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, आणि पेंड. अटी अशा, की चारा क्रियाशील सभासदांनाच मिळेल. ते स्वतः समोर उभे राहून एका सकाळचं दूध मोजून घेतील आणि त्या सकाळच्या नोंदींवरून संगणक यादी काढेल. यादीत जेवढी नावं, तेवढ्यांत ट्रक वाटला जाईल. आणि एक दूध दोनदा धरायचं नाही. ही शेवटची अट त्यांनी वाचली तेव्हा सगळे संचालक पंख्याकडे बघत होते.

केशरबाई पायरीवरच होती. ती उठून आत आली. याआधी ती कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती.

"मला सभासद करा," ती म्हणाली. "न्हाईतर मी आज गाय घिऊन भावाकडं जाते, धर्मापुरीला. हितं मारन्यापरीस तितं जगंल तरी."

मंडळाचा कोरम त्या दिवशी पहिल्यांदाच वेळेत भरला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते, आणि केशरबाई सभासद झाली. नंबर अर्थात शेवटचा आणि रांगेतली जागाही शेवटची, कारण मानाचा प्रश्न होता. तिला त्याचं काही नव्हतं. बाहेर येऊन तिने मला हळूच विचारलं, "आता चारा येईल न्हवं?"

"येईल," मी म्हटलं. हे मी कशाच्या भरवशावर म्हटलं ते तेव्हा मला चांगलं माहीत होतं, कारण यादी काढायचं काम मंडळाने मलाच दिलं होतं.

मी ते फंक्शन मन लावून लिहिलं. त्याच्या हातात सकाळच्या नोंदी द्यायच्या, त्याने यादी द्यायची. मध्ये कोणाचा फोन नाही, कोणाची चिठ्ठी नाही. संकेतस्थळावर त्याच आठवड्यात मी एक गणित सोडवलं होतं, रांगेतल्या नकला गाळायचं. ते मी इथे बसवलं. एकाच सकाळचं दूध, फॅट तेच, डिग्री तीच, म्हणजे दूध तेच, म्हणजे ते एकदाच धरायचं. माझा हिशेब असा होता, की सगळ्या नकला गळून पडल्या की खरं एकच दूध उरेल, आणि खरं दूध कोणाचं ते सगळ्या गावाला माहीत आहे. मला त्यात थोडी मजाही वाटत होती. मंडळाने ठरावावर ठराव करावेत, आणि दशांशातल्या दोन आकड्यांनी त्यांना उघडं पाडावं.

साहेब दुसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांच्यासमोर आदल्या दिवशीच्या नोंदी घालून ते चालवून दाखवलं. केशरबाई दारात येऊन उभी राहिली होती. यादी आली. यादीत एकच नाव होतं. आबासाहेब.

खाली गाळलेल्यांची नावं होती आणि प्रत्येकापुढे मीच लिहिलेलं कारण, 'हे दूध आधी मोजलेले आहे'. सर्जेराव, मोहनराव, एकेक संचालक, एकेक सभासद. सगळ्यात शेवटी केशरबाई.

चूक कुठेच नव्हती. नकला गाळायच्या म्हणजे पहिली वस्तू ठेवायची आणि तिच्यासारख्या पुढच्या सगळ्या टाकायच्या. गणितात तसंच होतं आणि त्यासाठीच मला हिरवी खूण मिळाली होती. कोण पहिलं उभं राहिलं आणि का, हे त्या फंक्शनने विचारलं नाही. विचारत नाही म्हणून तर मला ते आवडलं होतं.

"वा," आबासाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "यंत्राला मानूस कळतो, साहेब."

"एक नाव, एक सही," साहेब म्हणाले. "इतकं सुटसुटीत काम मी जिल्ह्यात कुठे पाहिलं नाही."

बाकीचे संचालक आंबट तोंडं करून बसले. बोलायची सोयच नव्हती. आमचंही दूध धरा म्हणावं, तर ते वेगळं होतं हे दाखवावं लागणार. तेच दूध आहे म्हणावं, तर उन्हाळाभराच्या पावत्या पाण्यात जाणार. साहेबांनी माझं फंक्शन पेन ड्राइव्हवर घेतलं, सांगितलं की आता यात कोणी अक्षर बदलायचं नाही, परवा सकाळी ट्रक घेऊन येतो, आणि निघून गेले.

"माजं काय आलं?" केशरबाईने विचारलं. तिला वाचता येत होतं, पण पडदा दारापासून लांब होता.

मी वाचून दाखवलं.

तिने चरवी उंबऱ्यावर टेकवली. मग म्हणाली, "गाय माजी, दूध माजं, आन मी नक्कल?"

"मशीनला गाय दिसत न्हाई, केशरबाई. जे आधी आलं ते खरं धरतं, मागनं आलेलं सगळं नक्कल."

"कावून?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती चरवी उचलून निघाली, आणि जाता जाता म्हणाली, की परवा मी येनार न्हाई, कोनाला लागत आसंल तर त्यानं दुसरी गाय बघावी. मी तिच्यामागे पायरी उतरून गेले आणि म्हटलं, "परवाच्या दिवस या. येवढ्या एकाच बारी." तिने माझ्याकडे पाहिलं ते पाहणं मला आवडलं नाही. येईन असंही ती म्हणाली नाही.

संध्याकाळी मी घरी भाकरी थापत होते आणि डोक्यात तेच चालू होतं. फंक्शन साहेबांच्या खिशात होतं, त्याला हात लावता येत नव्हता. आणि लावून करायचं काय? ते बरोबरच होतं. मी त्याला उलटंसुलटं करून पाहिलं, मला त्यात एक जागा सापडेना जिथे केशरबाईवर अन्याय होत होता. अन्याय आमच्या दारातल्या रांगेत होता. तो मी रोज सकाळी इमानदारीने टाइप करून फंक्शनच्या हातात देत होते, आणि ते बिचारं जे दिलं ते खात होतं. भाकरी करपली. आई म्हणाली, ते शिकणं बंद कर एक दिवस. मी म्हटलं, परवा बंदच होणार आहे बहुतेक.

ठरलेल्या सकाळी सगळे फार लवकर आले. सर्जेराव आधी केशरबाईच्या दारात कडब्याची पेंढी घेऊन जाऊन आले होते, की आज पहिली चरवी माझ्या हातात दे. त्यांच्या पाठोपाठ मोहनराव सरकी घेऊन गेले होते. केशरबाईने दोन्ही ठेवून घेतलं, गाईपुढे टाकलं आणि कोणालाच शब्द दिला नाही. आबासाहेब कुठेच गेले नव्हते. ते फेटा बांधून काट्याशेजारच्या खुर्चीवर बसले होते, कारण मान आपल्याकडे चालत येतो असा त्यांचा अनुभव होता.

केशरबाई आली. ट्रक दारात उभा होता, मुरघासाचा वास सगळ्या गल्लीत पसरला होता. बहुतेक त्या वासानेच ती आली असावी. दारात चरवी दिसताच चार हात पुढे झाले.

"माझ्याकडं दे," सर्जेराव म्हणाले.

"थांब बे सर्जा, माझा नंबर हाय," आबासाहेब बसूनच म्हणाले.

"नंबर कागदावर. हितं जो धरील त्याचा."

"दूध सांडंल," मी खुर्चीवरून म्हटलं, आणि त्याबरोबर सगळे हात जागच्या जागी थांबले. सांडलं असतं तर कोणाचंच काही उरलं नसतं. आबासाहेब उठले, त्यांनी त्या हातांमधून चरवी अलगद काढून घेतली आणि रोजच्या ऐटीत भांड्यात दूध ओतलं. साहेब चष्मा पुसून पडद्याकडे बघत होते.

काटा स्थिर झाला. यंत्र नंबर मागत होतं. त्याला चरवी कोणाच्या हातात आहे ते दिसत नाही, फेटा दिसत नाही. मी आबासाहेबांचा नंबर टाकला नाही. मी सगळ्यात शेवटचा नंबर टाकला, आणि पावती बाहेर आली. केशरबाई. फॅट, डिग्री, वजन. त्या उन्हाळ्यात मी केलेली ती एकच खरी नोंद.

आबासाहेबांनी पावती हातात घेतली, वाचली, पुन्हा वाचली.

"साहेब, ऑपरेटरची चूक झाली. हे दूध माझं हाय."

"तुमच्या गाईचं?"

"मंजे, संस्थेचं. सहकारी हाय साहेब, सगळ्यांचंच म्हना."

"गाय कोणती?" साहेबांनी सहज विचारलं. त्यांना खरं तर ट्रक रिकामा करून दुपारच्या आत बीडला पोचायचं होतं. "रंग तरी सांगा."

आबासाहेबांनी तोंड उघडलं. उन्हाळाभर रोज सकाळी त्या गाईचं दूध पहिल्यांदा त्यांच्या हातात येत होतं, पण गाय त्यांनी पाहिली नव्हती. गाईपर्यंत जायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"तांबडी," ते म्हणाले.

"काळी बांडी हाय," मागून सर्जेराव म्हणाले. ते त्या पहाटेच कडबा देऊन आले होते. "डावं शिंग मोडलेली. केशरबाईचीच हाय साहेब, मी सोता बघितली."

मला वाटलं, निदान एकाला तरी सत्याची चाड आहे. मग मी सर्जेरावांच्या तोंडाकडे पाहिलं. ते आबासाहेबांकडे बघत होते आणि इतकी वर्षं दुसऱ्या खुर्चीवर बसलेला माणूस किती खूश होऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं. असो, खरं बोलायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं.

पुढच्या सगळ्यांनीही रीतसर तेच दूध ओतलं, कारण थांबायचं कसं हे कोणाला सुचलं नाही. मी आबासाहेबांचाही नंबर टाकला, शेवटी. साहेबांनी त्यांच्या खिशातलं फंक्शन लावलं. यादीत एक नाव आलं. खाली आबासाहेबांपुढे लिहून आलं, 'हे दूध आधी मोजलेले आहे'. साहेबांनी वर पाहिलंही नाही. एक नाव, एक सही, म्हणाले, आणि केशरबाईने जपून, अक्षर अक्षर लावत सही केली. ट्रक तिच्या दारात जाऊन रिकामा झाला. तिच्या घरापेक्षा चाऱ्याचा ढीग उंच झाला होता, असं लोक सांगत होते.

दुपारी मंडळाची तातडीची सभा झाली. संस्थेच्या संगणकावर खासगी शिक्षण घेतल्याबद्दल ऑपरेटरला कमी करण्यात यावं. सूचक सर्जेराव, अनुमोदक मोहनराव, सर्वानुमते मंजूर. आबासाहेब आणि सर्जेराव त्या सभेत शेजारी शेजारी बसले होते आणि दोघांनी चहा एकाच वेळी उचलला, असं मोहनरावांनी मला कागद देताना सांगितलं. उद्यापासून दूध वहीत हाताने लिहिणार आहेत, असंही म्हणाले. मी विचारलं, कोणतं दूध? त्यांनी कागदावर माझी सही घेतली. केशरबाईने संस्थेत यायचं सोडलं होतं.

मला नोकरीचं वाईट वाटलं. वाटलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. घरी बसून मोबाइलवर मी पुढचं गणित उघडलं आणि ते तीन-चारदा वाचूनही मला कळेना, कारण माझं लक्षच लागत नव्हतं. भारतचा फोन आला, तो म्हणाला, ताई, आमच्याकडं अर्ज कर. मी म्हटलं, बघू.

मग एका सकाळी दारात केशरबाई उभी. ती आमच्या गल्लीत याआधी कधी आली नव्हती. गल्लीतल्या बाया आपापल्या दारातून बघत होत्या आणि तिने ते बघूनही न बघितल्यासारखं केलं. हातात लोटा होता, वर पळसाचं पान.

"गाय कशी हाय?" मी विचारलं.

"खाती," ती म्हणाली. "दिवसभर खाती. दूध वाढलं." तिने लोटा माझ्या हातात दिला.

मी पान काढलं आणि लोटा हातात तोलला. सवयच लागली होती. "सव्वा लिटर आसंल," मी म्हटलं. "फॅट बी वाढलं आसंल आता."

"मोजू नगं," केशरबाई म्हणाली. "पी."

ती उंबऱ्यावर बसली आणि मी पिते की नाही ते बघू लागली. मी लोटा तोंडाला लावला. दूध कोमट होतं, त्याला मुरघासाचा किंचित आंबूस वास होता आणि ते गोड होतं. उन्हाळाभर रोज सकाळी मी ते मोजत होते, एकेका सकाळी कितीतरी वेळा, आणि ते गोड आहे हे मला माहीत नव्हतं.